लोणी, फळ आणि पाणी: एका घरगुती संयोगाचा इतिहास

फळाचा स्वाद दिलेले घरगुती लोणी हा महाराष्ट्रातील शहरी स्वयंपाकघरांत अलीकडे रुळू लागलेला प्रकार आहे. ताज्या लोण्यात संत्र्याच्या सालीचा किस, आटवलेला आमरस किंवा स्ट्रॉबेरीचा जॅम फेटून ते पावावर किंवा पोळीवर लावले जाते, आणि ही रीत युरोपीय खाद्यपरंपरेतून आली असे सामान्यतः मानले जाते. लोण्याच्या बाबतीत हा समज बराचसा बरोबर आहे. परंतु दुधातील स्निग्धांश आणि फळ यांना एकत्र आणण्याचे प्रयत्न या भूमीत चरकसंहितेइतके जुने आहेत. ते लोण्याच्या रूपात फारसे न होता तुपाच्या आणि चक्क्याच्या रूपात का झाले, हा या इतिहासातील खरा प्रश्न आहे. त्याचे उत्तर आवडीनिवडीपेक्षा हवामानात आणि पदार्थांच्या घडणीत सापडते. फळात मुख्यतः पाणी असते, लोण्यात मुख्यतः चरबी असते, आणि या दोहोंना एका भांड्यात टिकवून ठेवण्यासाठी फळातील पाण्याचे काय करायचे हे प्रत्येक काळातील स्वयंपाक करणाऱ्याला ठरवावे लागले आहे. अग्नी, गाळणी आणि थंडावा ही त्या प्रश्नाची तीन उत्तरे होत, आणि त्यांच्या क्रमानेच हा इतिहास उलगडतो.

प्रथम लोण्याची घडण पाहणे आवश्यक आहे. दुधात चरबीचे सूक्ष्म कण पाण्यात तरंगत असतात आणि प्रत्येक कणाभोवती एक पातळ आवरण असते. गाईच्या दुधात ही चरबी सुमारे ४ टक्के, तर म्हशीच्या दुधात ६ ते ७ टक्के भरते. भारतीय पद्धतीत दुधाला विरजण लावून, म्हणजे आदल्या दिवसाचे थोडे दही मिसळून, त्याचे दही केले जाते आणि मग ते घुसळले जाते. पारंपरिक घरात यासाठी डेरा हे मोठे मातीचे भांडे आणि रवी हा खालच्या टोकाला पाकळ्या असलेला लाकडी दांडा वापरीत. रवी खांबाला अडकवून तिच्याभोवती दोरीचे वेढे दिले जात आणि दोरीची दोन टोके आळीपाळीने ओढली की रवी उलटसुलट फिरे. या घुसळणीने चरबीच्या कणांची आवरणे फुटतात, कण एकमेकांना चिकटतात आणि अखेरीस मूळची रचना उलटी होते: दुधात पाण्यामध्ये चरबी विखुरलेली असते, तर लोण्यात चरबीमध्ये पाण्याचे बारीक थेंब अडकलेले असतात. बाजारातील लोण्यासाठी भारतीय मानकानुसार किमान ८० टक्के चरबी आवश्यक असते आणि पाण्याचे प्रमाण १६ टक्क्यांहून अधिक चालत नाही. हे पाणी जितक्या बारीक थेंबांत विभागलेले असेल, तितके लोणी अधिक काळ चांगले राहते, कारण मोठ्या थेंबांत जिवाणूंना वाढण्यास जागा मिळते.

घुसळणाऱ्या स्त्रियांना ही शास्त्रीय परिभाषा ज्ञात नव्हती, तरी तिच्यामागील व्यवहार त्यांना पूर्ण ठाऊक होता. उन्हाळ्यात दही पहाटेच्या गारव्यात घुसळणे, लोणी मऊ पडून वेगळे होईनासे झाले की गार पाणी घालणे, हिवाळ्यात कण जमत नसतील तर किंचित कोमट पाणी घालणे, आणि वर आलेला गोळा दोन-तीन पाण्यांतून धुणे हे सारे त्या व्यवहाराचे भाग होत. धुण्यामुळे लोण्यात अडकलेले ताक निघून जाते, आणि ताकाबरोबर दुधातील साखर व प्रथिनेही निघून जातात. लोणी खवट आणि आंबट होण्याचा वेग त्यामुळे मंदावतो. येथेच फळाची अडचण स्पष्ट होते. धुतलेल्या लोण्यात पिकलेल्या फळाचा गर घालणे म्हणजे जे पाणी, जी साखर आणि जे आम्ल कष्टाने बाहेर काढले, तेच पुन्हा आत घालणे होय. आंब्याच्या गरात सुमारे ८० टक्के पाणी असते. असा गर लोण्यात फेटला की ते मिश्रण थोड्याच वेळात फुटते, पाणी सुटते, आणि उष्ण हवेत एखाद्या दिवसात त्याला आंबूस वास येतो.

उष्ण प्रदेशात साधे लोणीसुद्धा फार काळ टिकत नाही, म्हणून मराठी घरात लोणी हा बहुधा मुक्कामाचा पदार्थ नव्हता, तर तुपाकडे जाण्याची एक पायरी होती. ताजे लोणी भाकरीवर घेतले जाई, मुलांना खडीसाखरेबरोबर दिले जाई, कृष्णाच्या नैवेद्याला ठेवले जाई. उरलेले सगळे कढवले जाई. कढवताना लोण्यातील पाणी बुडबुड्यांच्या रूपाने उडून जाते, प्रथिनांचा अंश तळाशी लालसर होऊन बसतो, त्याला बेरी म्हणतात, आणि वर निवळ तूप राहते. या टप्प्यावर अनेक घरांत कढत्या तुपात विड्याचे पान टाकण्याची पद्धत होती व आजही आहे. म्हणजे स्निग्धांशाला बाहेरचा सुगंध देण्याची कल्पना नवी नव्हती, मात्र त्यासाठी पाणीदार फळाऐवजी पान निवडले गेले आणि ते पाणी उडत असतानाच घातले गेले. सह्याद्रीतील गवळी धनगरांच्या जीवनपद्धतीतही हीच मर्यादा दिसते. दूध घाटाखाली नेईपर्यंत नासे, म्हणून हे लोक त्याचे दही करून ताक स्वतःच्या आहारात ठेवीत आणि लोणी पायथ्याच्या गावांत विकून त्या बदल्यात धान्य आणीत. ज्या पदार्थाचे आयुष्य आधीच इतके अल्प होते, त्यात फळ मिसळून ते आणखी कमी करणे कोणत्याही घराला परवडणारे नव्हते.

फळ आणि स्निग्धांश यांना एकत्र आणण्याचे पहिले यशस्वी उत्तर अग्नीने दिले, आणि त्याची सर्वांत जुनी सविस्तर नोंद स्वयंपाकाच्या नव्हे, तर वैद्यकाच्या ग्रंथांत आहे. आयुर्वेदात औषधी द्रव्यांसह सिद्ध केलेल्या तुपाला घृत म्हणतात. त्याचे सामान्य प्रमाण असे की द्रव्याचा वाटलेला गोळा, म्हणजे कल्क, एक भाग असेल तर तूप चार भाग आणि पाणी, काढा किंवा रस सोळा भाग घ्यावा, आणि सर्व पाणी आटेपर्यंत मंद आचेवर शिजवावे. पाणी संपल्याची खूण म्हणून तुपावरचा फेस शमतो की नाही आणि कल्काची बोटांत वळून वात होते की नाही हे पाहिले जाते. चरकसंहितेच्या पांडुरोगावरील अध्यायात आलेले डाळिंबाचे घृत या पद्धतीचे ठळक उदाहरण आहे: त्यात डाळिंब, धने, चित्रक, आले आणि पिंपळी यांच्या कल्काने वीस पल तूप एक आढक पाण्यात सिद्ध करण्यास सांगितले आहे; पल आणि आढक ही त्या काळची मापे होत. त्याच संहितेतील च्यवनप्राशाच्या कृतीत पाचशे आवळे शिजवून, त्यांच्या बिया व रेषा काढून, उरलेला गर तूप आणि तिळाचे तेल यांत परतला जातो आणि नंतर साखरेच्या पाकात घोटला जातो. फळाचा गर, प्राणिज स्निग्धांश आणि साखर यांचा दीर्घकाळ टिकणारा घट्ट संयोग म्हणून च्यवनप्राशाकडे पाहिले, तर आज लोण्यात फळ मुरवू पाहणाऱ्यासमोरचा प्रश्न तेथे आधीच सोडवलेला दिसतो. पाणी आधी आटवले जाते, उरलेले पाणी साखर बांधून ठेवते, आणि स्निग्धांश गराच्या कणाकणाभोवती पसरतो.

घरातील स्वयंपाकाने हेच तत्त्व अधिक साध्या रूपात स्वीकारले. सत्यनारायणाच्या प्रसादाचा शिरा सव्वाच्या प्रमाणात रवा, तूप, साखर व दूध घेऊन केला जातो, आणि त्यात पिकलेले केळे आवर्जून घालतात. अनेक घरांत केळ्याचे काप तुपात परतून घेण्याचीही रीत आहे. तापलेल्या तुपात केळ्याचा सुगंध उतरतो, त्यातील पाण्याचा काही भाग उडतो आणि उरलेला रव्यातील पिष्ट शोषून घेते, म्हणून शिऱ्यात तूप व फळ एकजीव राहतात. ज्या शिऱ्यात केळे नाही, त्याला प्रसादाची चव नाही असे सर्रास म्हटले जाते, त्याचे कारण या एकजीवपणात आहे. आमरसाबाबत मात्र घरांनी निराळा मार्ग धरला: रसाच्या वाटीत पातळ केलेले साजूक तूप आणि चिमूटभर मिरपूड किंवा सुंठ घालून तो लगेच खाल्ला जातो. येथे संयोग टिकवण्याचा हेतूच नसतो. तो पानावर घडतो आणि पानावरच संपतो, त्यामुळे पाण्याचा प्रश्न उद्भवत नाही.

दुसरे उत्तर गाळणीचे आहे, आणि मराठी अभिरुचीवर त्याचाच ठसा सर्वांत खोल उमटला. दही फडक्यात बांधून टांगले की त्यातील पाणी निथळते आणि चक्का हा घट्ट गोळा उरतो. चक्का लोण्यापासून मुळातच वेगळा आहे: लोणी हे चरबीचे सलग रूप आहे, तर चक्का हे पाणी धरून ठेवणाऱ्या प्रथिनांचे जाळे असून चरबी त्या जाळ्यात गुंतलेली असते. त्यामुळे ज्या ओलाव्याने लोणी फुटते, तो ओलावा चक्का सहज सामावून घेतो. गोड केलेल्या, सुगंधित दह्याची परंपरा जुनी आहे. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकाच्या पूर्वार्धात रचलेल्या मानसोल्लासात दुधाच्या पदार्थांमध्ये शिखरिणीचा, म्हणजे अशाच गोड दह्याचा, समावेश आहे, आणि सोळाव्या शतकातील भावमिश्राच्या भावप्रकाशात दही व साखर स्वच्छ फडक्यावर घासून गाळण्याची, मग त्यात वेलची, लवंग, मिरे, कापूर यांसारखी द्रव्ये घालण्याची कृती दिली असून तिचा कर्ता म्हणून भीमाचे नाव सांगितले आहे. या कृतीत दह्याचा सुगंध मसाल्यांनी घडवलेला आहे, फळाने नव्हे.

दूध आणि फळ यांच्या संयोगाविषयी वैद्यकाने घातलेले निर्बंधही येथे विचारात घ्यावे लागतात. परस्परांशी न जुळणाऱ्या अन्नाला आयुर्वेदात विरुद्धाहार म्हणतात. चरकसंहितेने आंबट पदार्थ दुधाबरोबर घेणे या वर्गात टाकले आहे आणि सुश्रुतसंहितेने केळे दूध, दही किंवा ताक यांच्यासह वर्ज्य मानले आहे. आंबट फळाने दूध फाटते हा रोजचा अनुभव या नियमामागे असावा असे म्हणण्यास जागा आहे. तरीही लोकव्यवहार या निर्बंधांत पूर्णपणे बांधला गेला नाही: केळ्याचे शिकरण मराठी घरांत नित्याचे राहिले, गोपाळकाल्यात दही, पोहे आणि लाह्यांबरोबर डाळिंबाचे दाणे पडत राहिले, आणि खुद्द भावप्रकाशाने दुधाबरोबर घेतलेल्या गोड आंब्याला बलवर्धक व रुचकर म्हटले. शास्त्र आणि रूढी यांच्यातील या मोकळ्या जागेतच आम्रखंडासारख्या पदार्थाला वाव मिळाला.

आम्रखंड म्हणजे आंब्याचा रस घातलेले श्रीखंड, आणि त्याच्या यशाला आंब्याच्या जातींचा इतिहासही कारणीभूत आहे. रायवळ, म्हणजे बाठीपासून वाढलेल्या झाडाचा आंबा बहुधा रेषाळ व पातळ रसाचा असतो. तो चोखून खाण्यास किंवा उन्हात वाळवून साठे घालण्यास सोयीचा. पोर्तुगीज राजवटीत गोव्यात आंब्याच्या कलमांना चालना मिळाली आणि तेथून हापूससारख्या बिनरेषांच्या, घट्ट गराच्या जाती कोकणच्या किनाऱ्यावर पसरल्या. असा गर चक्क्यात मिसळला तरी श्रीखंड सैल पडत नाही. गर आटवण्याची कलाही याच किनाऱ्यावर विशेष वाढली. गोव्यातील ख्रिस्ती घरांमध्ये आंब्याचे मांगाद आणि पेरूचे पेराद साखरेत घोटून वडीइतके घट्ट करतात, आणि या पद्धतीमागे पोर्तुगालमधील फळांचे मुरांबे आहेत. कोकणात आंब्याचा मावा, आंबापोळी आणि फणसपोळी यांनी पावसाळ्यातही फळाची चव घरात ठेवली. आटवलेला गर हाताशी असल्यामुळे हंगाम सरल्यानंतरही फळाला दुग्धपदार्थात जागा मिळू शकली. पुढे वारणानगरसारख्या सहकारी दुग्धकेंद्रांनी श्रीखंडाला घराबाहेरची मोठी बाजारपेठ मिळवून दिली, आणि फळांच्या श्रीखंडासाठी अन्नविषयक नियमांत वेगळी मानके निश्चित झाली.

तिसरे उत्तर थंडाव्याचे, आणि फळाचा स्वाद दिलेले लोणी खऱ्या अर्थाने त्याचेच अपत्य आहे. उत्तर युरोपच्या थंड हवेत लोणी वर्षाचा बराच काळ घट्ट राहते, त्यामुळे त्यात अग्नीशिवाय, केवळ घोटून सुगंध मिसळण्याची परंपरा तेथे रुजली. हॅना ग्लास या इंग्रज लेखिकेच्या १७४७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाकपुस्तकात उकडलेल्या अंड्यांचा बलक, संत्र्याच्या फुलांचे अर्क-पाणी, साखर आणि ताजे लोणी एकत्र घोटून चाळणीतून काढण्याची कृती आहे. तेथेही फळाचा गर नाही, तर त्याच झाडाच्या फुलाचा अर्क चमचाभर वापरलेला आहे, आणि तो ओलावा धरून ठेवण्याचे काम बलक करतो. म्हणजे थंड देशातही पाण्याचा प्रश्न विसरता आला नव्हता. भारतात नैसर्गिक बर्फाचा व्यापार १८३३ मध्ये अमेरिकेतून कोलकात्याला आलेल्या जहाजाने सुरू झाला आणि लवकरच मुंबईतही बर्फ पोहोचला, परंतु तो श्रीमंतांच्या मेजवान्यांपुरता राहिला. सामान्य घरात बदल घडला तो विजेच्या शीतकपाटाने. १९५८ मध्ये गोदरेजने भारतीय बनावटीचा रेफ्रिजरेटर बाजारात आणला आणि पुढील काही दशकांत तो मध्यमवर्गीय घरांत स्थिरावला. त्याने घुसळणीचे वेळापत्रकच बदलले: रोजच्या दह्याऐवजी आठवडाभराची साय डब्यात साठू लागली, तिला एकदाच विरजण लागू लागले, आणि रवीची जागा मिक्सरने घेतली. लोणी प्रथमच काही दिवस लोणी म्हणूनच राहू शकले आणि त्यात काही मिसळून पाहण्यास वेळ मिळाला.

याच काळात बाजारातील लोण्याने मुंबईकरांची लोण्याविषयीची अपेक्षा घडवली. पेस्तनजी एडुलजी दलाल यांच्या पोल्सन कंपनीने १९३० मध्ये आणंद येथे दुग्धालय उभारले. तिचे खारवलेले लोणी आंबवलेल्या सायीचे असल्याने त्याला तीव्र गंध असे. १९४६ मध्ये स्थापन झालेल्या खेडा जिल्हा सहकारी संघाने पुढे अमूल या नावाने ताज्या सायीचे लोणी विक्रीस आणले, तेव्हा पोल्सनच्या गंधाला सरावलेल्या ग्राहकांना ते सपक वाटले, अशी नोंद वर्गीज कुरियन यांच्या आत्मकथनात आहे. त्या गंधाचे मूळ डायअसिटिल या संयुगात आहे, आणि विरजणातील काही जिवाणू ते दुधातल्या सायट्रेटपासून, म्हणजे लिंबू-संत्र्यांत मुबलक असणाऱ्या आम्लाच्या क्षारापासून, तयार करतात. फळाशी जवळीक सांगणारा एक घटक अशा रीतीने लोण्याच्या स्वतःच्याच गंधात अंतर्भूत आहे, आणि घरच्या सायीच्या लोण्यात संत्र्याचा किस इतका स्वाभाविकपणे मुरतो, त्याला हेही एक कारण असू शकते.

आज घरी असे लोणी करणारी व्यक्ती नकळत या तिन्ही उत्तरांचा आधार घेते. सायीचे लोणी धुऊन, दाबून त्यातील पाणी शक्य तितके काढले जाते, हे गाळणीचे तत्त्व आहे. आंबा, स्ट्रॉबेरी किंवा जांभूळ यांचा गर साखरेबरोबर आटवून पूर्ण गार केला जातो, हे अग्नीचे तत्त्व आहे. आणि तयार लोणी शीतकपाटात ठेवून आठवड्याच्या आत संपवले जाते, हे थंडाव्याचे तत्त्व आहे. संत्रे, मोसंबी किंवा ईडलिंबू यांच्या बाबतीत रसाऐवजी सालीचा वरचा रंगीत थर किसून घेणे अधिक योग्य ठरते, कारण त्या थरातील सुगंधी तेल चरबीत सहज विरघळते आणि पाणी जवळजवळ येतच नाही. नागपूरची संत्री, महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी आणि कोकणचा हापूस या तिन्ही फळांना भौगोलिक मानांकन मिळालेले आहे, आणि ती महाराष्ट्रातील घरगुती लोण्याला स्वतःची ओळख देण्यास पुरेशी समर्थ आहेत.

या विवेचनातून एक निष्कर्ष आग्रहाने मांडावासा वाटतो. एखादा पदार्थ देशी की विदेशी हे ठरवताना केवळ त्याच्या नावाचा व रूपाचा माग घेतला जातो, तेव्हा त्याच्यामागील कौशल्याचा इतिहास दृष्टीआड होतो. फळाचे लोणी या रूपात मराठी घराला नवे असेल, पण कढत्या तुपाचा फेस पाहून पाणी संपल्याचे ओळखणारी, चक्क्याचे फडके दाबून तो निथळला की नाही हे सांगणारी आणि आटत्या रसाचा थेंब ताटलीत पडून पसरतो की थबकतो यावरून भांडे आचेवरून उतरवणारी जाण या घरात शतकानुशतके होती. ती बहुतांशी स्त्रियांच्या हातात राहिली आणि छापील पाकपुस्तकांत तिचा अल्प भागच उतरला. शीतकपाटाने ही जाण अनावश्यक ठरवलेली नाही. उलट नव्या फळांसाठी व नव्या चवींसाठी तिची गरज वाढवली आहे. म्हणून मराठी खाद्यसंस्कृतीचा इतिहास लिहिताना पदार्थांच्या याद्यांबरोबर आटवणे, निथळणे, घुसळणे आणि कढवणे या क्रियांची, त्यांच्या खुणांसह आणि प्रादेशिक भेदांसह, पद्धतशीर नोंद होणे आवश्यक आहे. पदार्थ बदलत जातात, आणि पुढच्या पिढीला नवा पदार्थ घडवता येतो तो या क्रिया तिच्या हाती आलेल्या असतात म्हणूनच.